पट्ट्यासाठी तीन कोटेशनं

पगार पंचवीस टक्क्यांनी कमी झाल्याचं पत्र हातात पडलं, त्या संध्याकाळी मी घरी येऊन सगळ्यांना जेवणाच्या टेबलाभोवती बसवलं आणि जाहीर केलं, की उद्यापासून या घरात तीन कोटेशनं घेतल्याशिवाय कुठलीही खरेदी होणार नाही.

"भाजीसुद्धा?" मुलीनं विचारलं. ती कॉलेजात आहे. तिथे प्रश्न विचारायला शिकवतात.

"दोनशे रुपयांच्या आतली खरेदी नियमातून वगळली आहे," मी म्हणालो.

नियम करतानाच अपवादाची सोय करून ठेवायची असते. एवढी अक्कल मला एकवीस वर्षांच्या नोकरीनं दिली आहे. मी एका कारखान्याच्या खरेदी खात्यात आहे. नट असो, बोल्ट असो, की साहेबांच्या केबिनमधला पंखा असो, आधी लेखी मागणी, मग तीन दुकानांची कोटेशनं, मग तुलनेचा तक्ता, मग सर्वांत कमी दर आणि शेवटी सही. या पाच पायऱ्या चुकवून आमच्या कारखान्यात आजवर टाचणीसुद्धा शिरलेली नाही. मागच्या वर्षी पावसाळ्यासाठी मागवलेली ताडपत्री हिवाळ्यात आली हे खरं, पण नियमानं आली. उलट आमच्या घरात काय चालतं? बायको दुकानात जाते, एकाच दुकानात जाते, आणि वस्तू घेऊन बाहेर येते. एवढी वर्षं हे घर चाललं कसं, याचंच मला त्या संध्याकाळी नवल वाटलं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, म्हणाले, "मला यातलं काही लागू नाही ना? मग मी झोपतो."

बायको दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. दाढ धरून येणाऱ्या माणसांशी रोजची गाठ असल्यामुळे तिला कशाचंच फार आश्चर्य वाटत नाही. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "फॉर्म द्या."

मी ऑफिसातून मागणीचे पंचवीस फॉर्म आणलेच होते.

एक गोष्ट मात्र मी घरी सांगितली नव्हती. पत्राच्या दुसऱ्या परिच्छेदात असं होतं, की खरेदी खात्यात सहा जण फार होतात. महिनाअखेरीला तिघांची समिती प्रत्येकाला बोलावणार, प्रश्न विचारणार आणि सहांपैकी चौघांना ठेवणार. तो परिच्छेद मी घडी करून पाकिटात ठेवला. घरातल्यांना उगाच कशाला घोर लावायचा, असं मी मनाशी म्हणालो. त्यातला अर्धा भाग खरा होता.

चौथ्या दिवशी वॉशिंग मशीन बंद पडलं. आत नुसती गुणगुण, ड्रम जागचा हलेना. त्या संध्याकाळी माझ्या ताटाशेजारी रीतसर भरलेला फॉर्म होता. वस्तू: वॉशिंग मशीनची दुरुस्ती. कारण: फिरत नाही. निकड: घरात चार माणसं आहेत. पर्यायी व्यवस्था: आपण स्वतः. शेवटचा रकाना मला खटकला, पण फॉर्म बिनचूक होता. मी मंजुरी दिली आणि कोटेशनं मागवली.

पहिला आला तो आमचा नेहमीचा मेकॅनिक. त्यानं मागचं झाकण काढलं, आत हात घातला आणि म्हणाला, "पट्टा तुटलाय. साडेचारशे. पट्टा बॅगेतच आहे, दहा मिनिटांत बसवतो."

"लेखी द्या," मी म्हणालो.

"काय?"

"दर. लेखी. सही करून."

त्यानं बायकोकडे पाहिलं. बायकोनं छताकडे पाहिलं. शेवटी त्यानं सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला "पट्टा ४५०" असं लिहिलं, येण्याजाण्याचे दोनशे रुपये घेतले आणि पट्टा बॅगेत तसाच ठेवून तो जिना उतरला. तो खाली जाईपर्यंत बायको त्या बॅगेकडे बघत होती.

दुसरा कंपनीचा होता. अंगात गणवेश, गळ्यात ओळखपत्र. त्यानं मशीनला हातही न लावता मोटर गेल्याचं सांगितलं. तीन हजार आठशे. भेटीचे अडीचशे. तिसऱ्यानं मशीनवर एक टिचकी मारली आणि "फेकून द्या" म्हणाला. मी लेखी मागितलं तर म्हणाला, "फेकून द्या, हे लिहून काय द्यायचं?" त्याचे दोनशे. आता लेखी कोटेशनं दोनच झाली म्हणून चौथ्याला बोलवावं लागलं. त्याच्या मते पट्टा उत्तम होता, मोटर उत्तम होती, वायरिंग जळलं होतं. सोळाशे, आणि बघण्याचे तीनशे.

मी रात्रीच्या जेवणाआधी तक्ता आखायला बसलो आणि अडलो. तीन कोटेशनं होती, पण एक पट्ट्याचं, एक मोटरचं, एक वायरिंगचं. तुलना एकाच वस्तूच्या तीन दरांची करायची असते. इथे तर दुखणंच तिघांनी तीन प्रकारचं ठरवलं होतं. सर्वांत कमी दर म्हणून साडेचारशेवर सही करावी, तर उद्या कोणी विचारेल की हे कोटेशन पट्ट्याचं आहे, बिघाड पट्ट्याचाच होता याला पुरावा काय? हे कोण विचारणार होतं ते मला ठाऊक नव्हतं. पण एकवीस वर्षं मी या माणसाला भीत आलो आहे. त्याला मी अजून पाहिलेलं नाही.

मी फाइलवर "फेरनिविदा" असा शेरा मारला.

मधल्या काळात कपडे काही थांबायला तयार नव्हते. बायकोनं तिचे दवाखान्याचे गणवेश, मुलीचे कपडे आणि चादरी लॉन्ड्रीत पाठवल्या. मी हरकत घेतली तेव्हा तिनं माझ्याच नियमावलीतलं "आणीबाणीची खरेदी" हे कलम काढून दाखवलं. ते कलम मी ऑफिसच्या नियमावलीतून आंधळेपणानं उतरवलं होतं. लॉन्ड्रीचं बिल चौदाशे झालं. अण्णांचा यंत्रांवर विश्वास नसल्यामुळे ते स्वतःचे कपडे आंघोळीच्या वेळी हातानं धुतात, तेव्हा त्यांचं सगळं झकास चाललं होतं. बुडालो मी. माझे कपडे ना आणीबाणीत बसत होते, ना अण्णांच्या बादलीत. पंधराव्या दिवशी माझ्या चार पँटींपैकी तीन टोपलीत होत्या आणि चौथीच्या गुडघ्यावर चहाचा डाग होता. ऑफिसात मी मांडीवर फाइल ठेवून बसायला लागलो. लोकांना वाटलं, समितीची तयारी चालली आहे.

अशा वेळी वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर भेटतातच. मंदी आल्यापासून त्यांच्या तब्येतीत फार सुधारणा झाली आहे. सकाळी जिन्यात उभं राहून ते इमारतीतल्या प्रत्येकाला पैशांबद्दल सल्ला देतात. त्यांनी स्वतःचे निवृत्तीचे पैसे कुठे गुंतवले, असं विचारलं की त्यांना एकदम वर काहीतरी काम आठवतं.

"दुरुस्ती?" ते म्हणाले. "अहो, मंदीत दुरुस्ती करायची नसते आणि नवं घ्यायचं नसतं. मंदीत जुनं घ्यायचं असतं! माझा मेव्हणा गाव सोडून चाललाय. त्याचं मशीन आहे. समोरून उघडणारं, परदेशी बनावटीचं. तुमच्यासाठी अडीच हजार."

"पण त्याला पर्यायी दोन कोटेशनं..."

"असं मशीन दुसरीकडे मिळणार आहे का? नाही ना? मग तुलना कशाशी करणार?"

या युक्तिवादापुढे मी हात टेकले. एकमेव पुरवठादार असेल तर एका कोटेशनवर खरेदी करता येते, असं नियमातच आहे. अडीच हजार मेव्हण्याला गेले, सातशे टेंपोला आणि दोन हमालांना. जुनं मशीन गॅलरीत काढून हे बाथरूममध्ये बसवलं. त्याच्या चार पायांपैकी एकाचं रबर गायब होतं. मॅनेजरसाहेबांनी पुठ्ठ्याची घडी करून त्याखाली सरकवली आणि "आता हे हलायचं नाही" असं म्हणून ते वर गेले. हे सगळं मंगळवारी संध्याकाळी झालं. बुधवारी अकरा वाजता मला समितीपुढे उभं राहायचं होतं.

घरी मी "महत्त्वाची मीटिंग आहे" एवढंच सांगितलं आणि सकाळी सहा वाजता टॉवेल गुंडाळून चारही पँटी मशीनमध्ये टाकल्या. तासाभरात धुऊन निघतील, पिळून निघतील, इस्त्रीनं वाळवू, असा माझा बेत होता. साडेसहाला अण्णा दात घासायला बाथरूममध्ये गेले.

आमच्या बाथरूमचं दार आत उघडतं. इमारत बांधणाऱ्यानं ते तसं का बसवलं, याचा विचार आम्ही त्याआधी कधी केला नव्हता. मशीन पिळायला लागलं. आधी घरघर, मग धाडधाड, मग स्वयंपाकघरातले डबे एकमेकांवर आपटायला लागले. मग एकदम शांतता. आणि त्या शांततेत अण्णांचा आवाज आला.

"अरे, हे मशीन चालत आलंय."

"म्हणजे?"

"भिंतीपासून दारापर्यंत आलंय. वायर उपटून आलंय. आता दाराला टेकून उभं आहे."

मी दार ढकललं. बोटभरसुद्धा हललं नाही. खांदा लावला. खांदा दुखला. आत अठ्ठ्याहत्तर वर्षांचे वडील, दाराला टेकून पाण्यानं भरलेलं परदेशी मशीन, मशीनच्या पोटात माझ्या चारही पँटी, आणि बाहेर टॉवेल सावरत मी.

दार ठोठावण्याच्या आवाजानं मॅनेजरसाहेब खाली आले. त्यांच्यामागून समोरच्या वहिनी आल्या. वहिनींनी मला टॉवेलात पाहून तोंड वळवलं, पण त्या गेल्या नाहीत. "खिडकीतून काढा त्यांना," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. बाथरूमची खिडकी दोन वह्यांएवढी आहे. मॅनेजरसाहेब म्हणाले, "घाबरू नका. अशा प्रसंगी माणसानं खर्चाकडे बघायचं नसतं." इतक्या दिवसांत त्यांनी पैसे खर्च करायला सांगितल्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

मुलगी धावत जाऊन कोपऱ्यावरच्या सुताराला घेऊन आली. त्यानं दार वाजवून पाहिलं. "बिजागऱ्या आतून आहेत. दार फोडावं लागेल. फोडायचे आठशे, नवीन दाराचे वेगळे."

"बाबा," मुलगी हळूच म्हणाली, "अजून दोन सुतार आणू?"

मी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की समोरच्या वहिनींनाही हसू आलं. आतून अण्णा ओरडले, "काही घाई नाही हो. माझे दात घासून झालेत."

आणि मग बायको पुढे झाली. ती दाराला तोंड लावून, दवाखान्यात घाबरलेल्या पेशंटशी बोलते त्याच आवाजात म्हणाली, "अण्णा, कपड्यांचा साबण आहे ना तिथे? अख्खं पाकीट बादलीत ओता. ते पाणी मशीनच्या खाली आणि पुढे सोडा. मग स्टुलावर बसा, पाठ भिंतीला टेकवा आणि दोन्ही पायांनी मशीन ढकला. सावकाश. हात नका लावू, पाय फक्त."

पाच मिनिटं आतून पाण्याचा, मग कण्हण्याचा आणि मग शिव्यांचा आवाज येत राहिला. अण्णांना एवढ्या शिव्या येतात हे मला माहीत नव्हतं. मग काहीतरी सरकलं. दार वीतभर उघडलं. त्या फटीतून फेसानं माखलेले अण्णा आडवे होऊन बाहेर आले आणि म्हणाले, "आता मला चहा द्या." सुतारानं नुसतं येण्याचे दीडशे घेतले. ते दोनशेच्या आतले होते, म्हणून बायकोनं फॉर्म न भरता दिले.

मशीनचं दार मात्र उघडेना. आत पाणी असेपर्यंत ते उघडत नाही, अशी त्या परदेशी लोकांची शिस्त. काचेतून माझ्या पँटी दिसत होत्या. ते उघडायच्या खटपटीत घड्याळात सव्वादहा झाले.

घरात कोरडी पुरुषी पँट एकाच माणसाकडे होती. अण्णा माझ्या खांद्याला लागतात आणि कमरेनं अर्धे आहेत. त्यांच्या पँटीचं बटण मला लागलं नाही, म्हणून वरून लांब शर्ट सोडला. खाली घोटे आणि त्यांच्यावरचे मोजे पूर्ण दिसत होते. बायकोनं दारात मला थांबवलं, शर्टाची कॉलर नीट केली आणि म्हणाली, "मीटिंग नीट होऊ दे."

समितीत तिघं होते. नवे मॅनेजर, माझ्या निम्म्या वयाचे. कर्मचारी विभागाच्या बाई. आणि हिशेब खात्याचे म्हातारे प्रमुख. मी लगबगीनं खुर्चीत बसलो आणि पाय टेबलाखाली ओढून घेतले. मॅनेजरांनी विचारलं, "खरेदीची पद्धत काटेकोरपणे पाळल्यामुळे पैसे वाचले, असं एक उदाहरण सांगा."

या प्रश्नाचं उत्तर मी दोन आठवडे पाठ केलं होतं. त्यात तांब्याचे पाइप होते, तीन पुरवठादार होते आणि शेवटी टक्केवारी होती. मी तोंड उघडलं आणि त्यातून वॉशिंग मशीन बाहेर पडलं. कसं, ते मला अजून कळलेलं नाही. सिगारेटचं पाकीट, मोटर, फेरनिविदा, मेव्हणा, पुठ्ठ्याची घडी, अण्णा. साडेचारशेच्या पट्ट्यासाठी भेटीचे साडेनऊशे, लॉन्ड्रीचे चौदाशे, मशीनचे अडीच हजार, टेंपोचे सातशे, सुताराचे दीडशे, एकूण पाच हजार सातशे, आणि जुनं मशीन अजून बंदच. हिशेब खात्याचे प्रमुख चष्मा काढून डोळे पुसत होते. बाईंनी हसू लपवायला फाइल तोंडापुढे धरली होती. मी पुरावा म्हणून उभं राहून पँटसुद्धा दाखवली. सकाळपासून ज्या अब्रूला जपत होतो ती तिथे मी आपण होऊन काढून ठेवली, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

मॅनेजर मात्र हसत नव्हते. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग आपल्या कारखान्यात काय करावं, असं तुम्हाला वाटतं?"

"पाच हजारांच्या आतल्या खरेदीला कोटेशनं नकोत," मी म्हणालो. "ज्याला वस्तू लागते त्याला कळतं कुठली चांगली. वर्कशॉपच्या फोरमनला सरळ बाजारात जाऊन आणू द्यावी."

"असं केलं तर तुमच्या खात्यात किती माणसांचं काम कमी होईल?"

मी हिशेब केला. तो करायला वेळ लागला नाही, कारण पाच हजारांच्या आतल्या फायली सगळ्या एकाच टेबलावर असतात.

"एकाचं."

"कोणाचं?"

"माझं," मी म्हणालो.

हिशेब खात्याच्या प्रमुखांनी चष्मा पुन्हा लावला.

शुक्रवारी पत्र आलं. माझी सूचना कंपनीनं आभारपूर्वक स्वीकारली होती. माझं पद पहिल्या तारखेपासून रद्द. मात्र वर्कशॉपमध्ये फोरमनच्या हाताखाली साहाय्यकाची एक जागा रिकामी होती. ती मला देऊ केली होती. पगार आणखी दहा टक्के कमी. सोमवारपर्यंत संमती कळवावी.

घरी आलो तर जुनं मशीन पुन्हा बाथरूममध्ये, आपल्या जागी, चालू होतं. बायकोनं त्या पहिल्या मेकॅनिकला बोलावून पट्टा बसवून घेतला होता. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलो आणि पत्र तिच्या हातात दिलं. तिनं दोनदा वाचलं आणि माझ्या शेजारी खालीच बसली.

"हा फोरमन पंधरा वर्षं माझ्या टेबलासमोर उभा राहायचा," मी म्हणालो. "आता मी त्याच्यासमोर उभं राहायचं?"

"समितीचं मला माहीत होतं," ती म्हणाली. "तुमच्या खात्यातल्या टायपिस्टची बायको दाढ काढायला आली होती. तोंडात कापूस होता तरी तिनं सगळं सांगितलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून वाट बघत होते. ते फॉर्म भरताना दर वेळी वाटायचं, आज सांगतील, उद्या सांगतील. तुम्ही नुसते शेरे मारत बसलात." तिचा आवाज चढला नाही, पण फाटला. "मला भीती वाटतेय हो. महिनाभर वाटतेय. एकटीलाच वाटतेय असं वाटलं की आणखी वाटते."

एकवीस वर्षं मी लेखी बोलत आलो आहे.

"मलापण वाटतेय," मी शेवटी म्हणालो. "फार वाटतेय."

मग उठून तिनं पेन आणून दिलं. मी संमतीपत्रावर तिथेच, गुडघ्यावर कागद ठेवून सही केली. अक्षर जरा वाकडं आलं.

एक तारखेला सकाळी आठ वाजता मी वर्कशॉपमध्ये गेलो. फोरमन लेथवर वाकून काहीतरी मोजत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो, हात मागे बांधून, तो माझ्यापुढे राहायचा तसाच. त्यानं वर पाहिलं. पंधरा वर्षांत मी त्याला एकदाही "बसा" म्हणालो नव्हतो, हे आम्हा दोघांनाही त्याच क्षणी आठवलं असावं. निदान मला तरी आठवलं, आणि कान तापले.

त्यानं हातातलं माप खाली ठेवलं. कोपऱ्यातून एकच स्टूल ओढून आणलं, खिशातल्या फडक्यानं त्यावरचं तेल पुसलं, आणि स्वतः उभाच राहून म्हणाला, "बसा ना."